समितीतला ‘तो’ सदस्य आणि सदस्य सचिवाची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणवेश खरेदीचे अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत आले आणि जिल्हा परिषद शाळांतल्या जुन्या भांडणाला नवे कापड मिळाले. २०२४-२५ मध्ये वरून एकच गणवेश पुरवण्याचा प्रयोग झाला, तो फसला, आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा गावात आली. एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांचे ६००. ८० मुलांच्या शाळेत ही रक्कम ४८,००० होते, आणि ४८,००० च्या खरेदीला गावात कोणाचा तरी मेव्हणा कापड-दुकानदार निघतोच.

मुख्याध्यापकांच्या कोणत्याही बैठकीत चहा झाला की गाडी तिथेच येते: ‘आमच्या समितीत एक जण आहे, काही करूच देत नाही.’ त्यावर अनुभवी मंडळी दोन उपाय सुचवतात. गोड बोलून गुंडाळा, नाहीतर त्याच्या वरचा माणूस गाठा. दोन्ही उपाय सहा महिने चालतात. गुंडाळलेल्याला ते कळल्याशिवाय राहत नाही, आणि वरचा माणूस पुढच्या निवडणुकीनंतर वर राहीलच असे नाही. आमच्या पाहण्यात अशा दहातली सात-आठ भांडणे समिती ढिलेपणाने चालवल्यामुळे वाढतात, आणि समिती चालवण्याची पद्धत तर सदस्य सचिवाच्या, म्हणजे मुख्याध्यापकाच्याच हातात असते.

आधी कायद्यातली जागा पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्याकडे समिती १२ ते १६ जणांची, मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव, अध्यक्ष पालकांतून आणि बैठक महिन्यातून किमान एकदा. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ही तिची कामे. शिक्षकाची बदली, वेतनवाढ, निलंबन यांतले काहीच तिच्याकडे नाही. शिवाय जो अधिकार आहे तो बैठकीला बसलेल्या समितीचा. बैठक उठली की अध्यक्षसुद्धा एक पालकच. (खासगी अनुदानित शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती केवळ सल्ला देणारी आहे. तिथले खरे दुखणे संस्थाचालक. त्यावर वेगळे पत्र लागेल.)

मात्र हा नियम कोणाच्या तोंडावर फेकू नये. अध्यक्ष वर्गात शिरून ‘हजेरी दाखवा’ म्हणाले आणि मुख्याध्यापकांनी ‘तुम्हाला अधिकार नाही’ असे उत्तर दिले, तर कायदा मुख्याध्यापकांच्या बाजूने असेल, पण संध्याकाळपर्यंत सगळे गाव अध्यक्षांच्या बाजूने असेल. ‘पट इतका, आज हजर इतके; बाकीचे बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतो, तुम्हीच मांडा’ एवढे म्हटले की विषय वर्गातून उठून बैठकीत जातो. अर्थात पुढच्या बैठकीत तो खरोखर घ्यायला हवा. टाळलेला विषय दुपटीने परत येतो.

माणूस अडून का बसतो हे आधी ओळखावे. कोणाला पुरवठ्यात रस असतो. कोणाला ग्रामपंचायतीची निवडणूक दिसत असते, आणि शाळा ही त्याला फुकटची सभा वाटते. १५ ऑगस्टला ध्वजारोहण कोणाच्या हस्ते, यावरून वर्षभराचा अबोला धरणारे बहुधा यातलेच. काहींचे जुने दुखणे असते. तिसरीत मुलाला सगळ्यांसमोर ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ म्हटलेले असते आणि बाप ते सातवीपर्यंत विसरलेला नसतो. अशा माणसाशी गणवेशावर कितीही वाद घाला, भांडण गणवेशाचे नसतेच. मुलाची वही घेऊन त्याच्या घरी जावे, झाले ते चुकले असेल तर तसे म्हणावे. हे काम बैठकीत होत नाही.

राहिला एक प्रकार: ज्याचा आवाज चढा असतो, भाषा रांगडी असते आणि प्रश्न बिनचूक असतो. मुख्याध्यापक सर्वांत जास्त याच्यावर चिडतात आणि तिथेच फसतात. ‘शौचालय दुरुस्तीचे बिल मार्चचे, मग जूनमध्ये दार तुटके कसे?’ असे विचारणारा माणूस शाळेचे फुकटात लेखापरीक्षण करून देतो. त्याच्या आवाजाला उत्तर देऊ नये, प्रश्नाला द्यावे, आणि तेही आकड्यात.

बहुतेक भांडणांचे मूळ असते ते कोणाला आधी कळले आणि कोणाला नंतर, यात. मुख्याध्यापक सवयीने अध्यक्षांना आणि दोन जवळच्या सदस्यांना सगळे सांगतात. बाकीच्यांना सहीपुरते बोलावतात. उरलेल्यांतला एक जण मग ‘तो’ सदस्य होतो. म्हणून जो कागद अध्यक्षांना, तोच त्याच दिवशी सर्वांना. एका सदस्याने माहिती मागितली तर उत्तराची प्रत सर्वांना जावी. वाईट बातमी, म्हणजे मूल पडले, पोषण आहाराच्या तांदळात किडे निघाले, निधी परत गेला, ही अध्यक्षांना त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या तोंडून कळावी. टपरीवरून कळली की ती बातमी राहत नाही, आरोप होते. विरोध करणाऱ्या सदस्याला बैठकीच्या दोन दिवस आधी भेटून ‘हा विषय येतोय, तुमचे काय म्हणणे?’ विचारणे यात कमीपणा नाही. बैठकीत पहिल्यांदा कानावर पडलेल्या गोष्टीला माणूस आधी नाहीच म्हणतो, आणि चारचौघांत म्हटलेले नाही मागे घेणे त्याला जड जाते.

बैठकीची सूचना आठवडाभर आधी, लेखी, पोच घेऊन द्यावी. व्हॉट्सअॅप आठवण करून द्यायला ठीक. तिथे ठराव करू नयेत. अंगठा दाखवलेल्या सदस्याने नंतर ‘मी मेसेज वाचलाच नव्हता’ म्हटले की हातात काही उरत नाही. विषय पाच-सहाच ठेवावेत, पैशाचा विषय वरती. ‘ऐनवेळचे विषय’ हा रकाना भांडणाचे माहेरघर आहे. त्यात खर्चाचा विषय घ्यायचा नाही, असा एक ठराव पहिल्याच बैठकीत करून ठेवावा आणि तो स्वतःही मोडू नये. चार प्रश्न फक्त गोंधळासाठी विचारले जात असतील तर ते फळ्यावर लिहून काढावेत. लिहिलेला प्रश्न सहसा पुन्हा विचारला जात नाही, आणि ओरडणाराही फळ्याकडे बघून बोलू लागतो.

आता वही, म्हणजे प्रोसिडिंग, बैठकीचे इतिवृत्त. आपल्या शाळांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत सर्रास चालणारा दोष म्हणजे सह्या आधी, मजकूर नंतर. बैठक पाऊण तासात उरकते, कोऱ्या पानावर सह्या होतात, आणि सर किंवा बाई रात्री घरी बसून सुवाच्य अक्षरात ठराव लिहितात. बहुतेकांच्या मनात खोट नसते, वेळ नसतो. पण चार महिन्यांनी ‘मी या ठरावाला सही दिलीच नव्हती’ असे कोणी म्हणाला, तर तो खोटे बोलत नसतो. यावर इलाज साधा आहे. बांधीव वही, पाने छापील किंवा हाताने आधीच क्रमांक घातलेली. ठराव बैठकीत, सर्वांसमोर लिहायचा: क्रमांक, सूचक, अनुमोदक, रक्कम अंकी आणि अक्षरी, काम कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, सर्वानुमते की बहुमताने. विरोध असेल तर विरोध करणाऱ्याचे नाव आणि कारण त्याच्याच शब्दांत. शेवटी सगळे मोठ्याने वाचून दाखवायचे, मजकूर संपतो तिथेच लगेच रेघ मारायची आणि तिच्याखाली सह्या घ्यायच्या. याला २० मिनिटे जास्त लागतात. विरोध नोंदवला गेला की अर्धा राग तिथेच उतरतो. ज्याचे म्हणणे वहीत येत नाही तो ते पंचायत समितीत जाऊन सांगतो.

ही वही शाळेबाहेर जाता कामा नये, अध्यक्षांच्या घरी ‘सहीसाठी’सुद्धा नाही. कोणी मागितली तर झेरॉक्स द्यावी. कोणी उचलून नेलीच तर त्याच दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांचे पर्यवेक्षक) तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. आठ दिवसांनी लिहिलेल्या पत्राला काही वजन नसते.

पैशाबाबत एक गोष्ट विशेष बजावून सांगण्यासारखी आहे. शाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,०००, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पण ते हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येते. मग मुख्याध्यापक पदरमोड करतात: पंखा आणतात, नळ बसवतात, आणि पैसे आले की बिल ‘बसवतात’. इथेच गळ्यात फास पडतो. बिलाची तारीख ऑगस्टची आणि ठराव जानेवारीचा. किंवा तीन दरपत्रके, तिन्हींवर एकच हस्ताक्षर. किंवा पंखा भिंतीवर फिरतोय आणि डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) त्याची नोंदच नाही. खिशातले पैसे घालणारा प्रामाणिक माणूस कागदावर चोर दिसतो, आणि ‘त्या’ सदस्याला आयते हत्यार मिळते. तेव्हा आधी ठराव, मग दरपत्रके, मग खरेदी, मग साठ्याची नोंद, मग बिल. हा क्रम उलटा होणार असेल तर पंखा महिनाभर नसला तरी चालेल. जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे दर महिन्याला शाळेच्या दर्शनी फळ्यावर लावावेत. माहिती अधिकाराचा अर्ज आला की ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते. तेच आकडे फळ्यावर असले की अर्ज करणाऱ्याची हौस पुष्कळ कमी होते.

गणवेशाचेही तसेच. कापडाचा नमुना बैठकीत टेबलावर ठेवावा, त्याचा तुकडा सहीनिशी वहीला चिकटवावा, आणि आलेला माल त्या तुकड्याशी ताडून घ्यावा. मापे घेताना दोन पालक समोर असावेत, त्यातला एक ‘तो’. ज्या सदस्याचा नातेवाईक पुरवठादार आहे त्याने त्या विषयापुरते बाहेर बसावे, आणि तसे वहीत लिहावे. हे पुरवठादार ठरल्यावर सांगितले तर अपमान वाटतो. पहिल्या बैठकीत सर्वांसाठी ठरवून ठेवले तर नियम वाटतो.

बँकेच्या कागदावरची सही अडवणे हा या मंडळींचा हुकमी डाव. अशा वेळी अध्यक्षांच्या घरी खेपा घालून काही साधत नाही. ठराव मंजूर झाला असेल तर सही न करण्याचे कारण लेखी मागावे, सात दिवसांची मुदत देऊन. कारण रास्त निघाले तर दुरुस्ती करावी आणि ती वहीत घ्यावी. उत्तरच आले नाही तर तोच विषय पुढच्या बैठकीत ‘ठराव क्रमांक अमुकची अंमलबजावणी’ म्हणून ठेवावा, म्हणजे अडवणूक सगळ्या समितीसमोर येते. बहुतेक सह्या इथेच सुटतात, कारण बाकीच्या पालकांनाही मुलांचा गणवेश हवा असतो. तरीही नाहीच झाली तर ठराव, कारण मागणारे पत्र आणि पुढच्या बैठकीची नोंद हे तिन्ही कागद जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मार्गदर्शन मागावे. नुसत्या ‘अध्यक्ष सहकार्य करत नाहीत’ या ओळीवर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही.

संशय घेणाऱ्याला काम द्यावे, आणि तेही मोजमापाचे. पोषण आहाराला पहिली ते पाचवीसाठी माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ. पाचवीपर्यंतच्या शाळेत ४६ मुले जेवली तर दिवसाला ४ किलो ६०० ग्रॅम. ५० किलोचे पोते साधारण ११ दिवसांत संपते. ‘तांदूळ जातो कुठे?’ विचारणाऱ्या सदस्याला वजनकाट्याशी बसवून हा हिशेब आठवडाभर त्याच्याच हाताने लिहून घ्यावा. चोरी असेल तर ती सापडेल, आणि सापडलेली बरी. नसेल तर उद्या गावात शाळेची बाजू तोच मांडेल. चव पाहण्याच्या पाळीतही त्याचे नाव घालावे, मात्र वेळ ठरलेली असावी.

वर्गात येण्याबाबत लवचिक राहावे, मोबाइलबाबत नाही. सदस्याने शाळा पाहावी, मुख्याध्यापकांना भेटून, शेरेबुकात वेळ आणि अभिप्राय लिहून. मुलांचे चित्रीकरण करून गावाच्या ग्रुपवर टाकणे कोणालाच चालणार नाही, हा ठराव जूनमध्येच करावा. घटना घडल्यावर केलेला ठराव एका माणसाविरुद्धचा वाटतो. शिक्षकाविरुद्धची तक्रार लेखी घ्यावी, ती भर बैठकीत नाव घेऊन चर्चेला आणू नये. आणि एक गोष्ट समितीपुढे येऊच नये: मुलाच्या लैंगिक छळाची शंका. तिथे समितीचे मत, गावाची अब्रू, ‘आपसात मिटवू’ याला जागा नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाबाबत ते न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दाब टाकणारा सदस्य कितीही वजनदार असो, तो त्या कैदेत वाटेकरी होणार नाही.

महिला सदस्यांच्या जागी त्यांचे पती बसलेले दिसतात आणि बहुधा जास्त बोलतात तेच. त्यांना हाकलू नये, पण खुर्ची बाजूला द्यावी, मत मोजू नये आणि सही त्यांची घेऊ नये. महिला सदस्यांना यायला जमेल अशी वेळ धरली की निम्मा प्रश्न सुटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी दोनची बैठक म्हणजे त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणे. बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात अडचण याहून अवघड. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी शाळा विकास आराखडा तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर, आणि नेमके तेव्हा अर्धे पालक सदस्य कारखान्याच्या फडावर. मग मागे राहिलेले तीन-चार जण म्हणजेच समिती, आणि त्यात एखादा अडेल असला की तोच बहुमत. अशा गावांत आराखडा सप्टेंबरमध्येच, टोळ्या निघण्याआधी, मंजूर करून घ्यावा.

बदलीच्या धमकीचे फार मनावर घेऊ नये. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्यापासून ‘तुला तालुक्याबाहेर टाकतो’ या वाक्यातला दम बराच गेला आहे. खोट्या तक्रारीचा धाक मात्र खरा आहे, आणि त्यापुढे वर सांगितलेली वही सोडून दुसरी ढाल नाही.

प्रशासनाकडे मागणे मोठे नाही. प्रत्येक शाळेला पान-क्रमांक छापलेली एक प्रोसिडिंग वही द्या. पालक सभेतून समिती निवडताना केंद्रप्रमुखांना निरीक्षक म्हणून बसवा, कारण पुढच्या दोन वर्षांची निम्मी भांडणे त्या एका सभेत पेरली जातात: कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या घटकाच्या किती जागा, हे आधी फळ्यावर न लिहिल्यामुळे. आणि मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात एक दिवस तरी बैठक कशी चालवायची, ठराव कसा लिहायचा याला द्या. वर्ग सांभाळायला शिकलेल्या माणसाला १५ मोठी माणसे सांभाळता येतीलच, हे आपण उगाच धरून चाललो आहोत.

ता. क. नवी समिती बनली, किंवा मूल शाळा सोडून गेल्यामुळे अध्यक्ष बदलले, की बँकेतली सही बदलणे त्याच आठवड्यात हाती घ्यावे. ठरावाची प्रत, नव्या अध्यक्षांची ओळखपत्रे, फोटो, गटशिक्षण कार्यालयाचे पत्र, आणि मुख्याध्यापक व नवे अध्यक्ष या दोघांनी मिळून बँकेत एक खेप. यात एखादा कागद राहिला की महिना जातो. जुने अध्यक्ष रुसलेले, नव्यांची सही बँकेत नाही आणि कॅलेंडरवर मार्च, अशी वेळ आली की अनुदान ३१ तारखेला परत जाते, आणि ते का गेले याची कथा गावात ‘तोच’ सदस्य सांगतो.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख